वर्डमध्ये तक्ता दोन पानांत तुटतो (आणि त्यावरून सोसायटीत झालेलं भांडण)

नाइलाज_सचिव
ठाण्यातल्या 64 सदनिकांच्या सोसायटीचा मी मानद सचिव. वार्षिक अहवाल वर्ड 2016 मध्ये मीच टाइप करतो, कारण दुसरं कोणी करत नाही.

गेल्या वर्षी थकबाकीदारांच्या तक्त्याने घात केला. यादी 31 मार्चअखेरची. एका सभासदाच्या 'शेरा' रकान्यात मी लिहिलं होतं 'चार तिमाही थकीत', आणि एंटर मारून खाली 'दि. 12 एप्रिल रोजी व्याजासह पूर्ण भरणा'. नेमकं तिथेच पान संपलं. 'थकीत' पान 4 वर राहिलं, 'भरणा' पान 5 वर गेला. कोणीतरी फक्त पान 4 चा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ते काका अजून लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाहीत.

यंदाची सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे आणि नोटीस पूर्ण 14 दिवस आधी जायला हवी, म्हणजे हातात फार वेळ नाही. तक्त्याच्या वर एंटर मारून तो खाली ढकलतो. घरी नीट दिसतं, झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला की पुन्हा मोडतं. काय करू?

झटपट
रो हाइट 'एक्झॅक्टली' करून टाका. रांग तुटणार नाही. दोन सेकंदांचं काम.

टंकनवाली
झटपटराव, रांग तुटणार नाही हे खरं, पण मजकूर कापला जाईल. उंची 'एक्झॅक्टली' केली की जे मावत नाही ते दिसतच नाही. म्हणजे काकांचा 'भरणा' पान 5 वरूनही गायब! ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' केलं तरी तीच गत, आकडा कमी पडला की वेलांट्या आणि मात्रा छाटल्या जातात. 'मीटर'चं 'माटर' झालेला अर्ज मी डोळ्यांनी पाहिलाय.

सचिवसाहेब, तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे, तक्ते रोजचेच. तुमची दुखणी दोन आहेत, ती वेगळी करा.

पहिलं, रांग मधून चिरते. पूर्ण तक्ता निवडा, राइट क्लिक, टेबल प्रॉपर्टीज, त्यात 'रो'. तिथे 'अलाउ रो टु ब्रेक अक्रॉस पेजेस'ची खूण काढा. आता रांग एक तर अख्खी या पानावर, नाही तर अख्खी पुढच्या. काकांचं भांडण एवढ्यावर मिटलं असतं.

दुसरं, तक्ताच दोन पानांत जातो. थकबाकीची यादी लांब असेल तर जाऊ द्या की! फक्त पहिल्या रांगेत कर्सर ठेवून वर 'टेबल टूल्स'खालच्या 'लेआउट'मध्ये 'रिपीट हेडर रोज' दाबा, म्हणजे 'सदनिका क्र., नाव, मुद्दल, व्याज, शेरा' ही डोक्याची ओळ पुढच्या पानावर आपोआप येते. हाताने टाइप करू नका. वर दोन ओळी वाढल्या की ती तक्त्याच्या मधोमध येऊन बसते.

अंदाजपत्रकासारखा आठ-दहा रांगांचा तक्ता मात्र एकाच पानावर शोभतो. त्यासाठी शेवटची रांग सोडून बाकी सगळ्या निवडा, पॅराग्राफ, 'लाइन अँड पेज ब्रेक्स', 'कीप विथ नेक्स्ट'. प्रत्येक रांग खालचीचा हात धरते. शेवटचीलाही लावलंत तर ती खालच्या परिच्छेदाचा हात धरते आणि तोही ओढला जातो. तक्त्याच्या वरच्या शीर्षकालाही हेच लावा, नाही तर 'अंदाजपत्रक' हा शब्द एकटाच पानाच्या तळाशी बसून राहतो.

आणि ते एंटर सगळे खोडा. दुकानातल्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला की वर्ड दुसरा घालतो, ओळींची उंची बदलते आणि तुमचे मोजून मारलेले एंटर भलतीकडे जातात.

लिब्रेवाला
लिब्रेऑफिस रायटरमध्ये रांगा निवडत बसावं लागत नाही. टेबल प्रॉपर्टीज, 'टेक्स्ट फ्लो', तिथे तक्ता तुटू द्यायचा का आणि रांग तुटू द्यायची का अशा दोन वेगळ्या खुणा आहेत. फुकटही आहे. बोलून थांबतो.

नाइलाज_सचिव
ताई, रांगा जमल्या! पण दोन अडचणी. अंदाजपत्रक अख्खं पुढच्या पानावर गेलं आणि आधीचं अर्धं पान कोरं राहिलं. खजिनदार म्हणतात कागद वाया जातो. आणि डोक्याची ओळ मात्र पुढच्या पानावर येतच नाही.

टंकनवाली
कोऱ्या पानाला इलाज नाही, तक्ता एकसंध हवा तर जागा जाणारच. 'लेखापरीक्षकांची नेमणूक'सारखा एखादा परिच्छेद तक्त्याच्या वर घेता आला तर घ्या. खजिनदारांना सांगा, गेल्या वर्षीचं भांडण त्या अर्ध्या कागदाहून महाग पडलं.

डोक्याची ओळ येत नसेल तर टेबल प्रॉपर्टीजच्या पहिल्याच पानावर 'टेक्स्ट रॅपिंग' बघा. 'अराउंड' असेल तर 'नन' करा. माउसने तक्ता ओढला की ते नकळत बदलतं. तेही ठीक असेल तर तक्त्यात कुठे कंट्रोल-एंटर मारलंय का शोधा. तिथे तक्त्याचे दोन तक्ते होतात, आणि दुसऱ्याला डोकं नसतं.

नाइलाज_सचिव
'अराउंड'च होतं. ओढला होता, कबूल.

टंकनवाली
आता दुकानात वर्डची फाइल नेऊ नका, पीडीएफ करून न्या. त्याआधी प्रत्येक पानाची शेवटची रांग एकदा वाचा.

नाइलाज_सचिव
पीडीएफच दिली. तक्ते जागच्या जागी. काकांचं नाव यंदा यादीतच नाही, त्यामुळे तीही काळजी मिटली. फक्त दुकानदाराने पाठपोट छापताना मागची बाजू उलटी काढली आहे, 64 च्या 64 प्रती. त्यासाठी वेगळा धागा काढतो.