रॉटवायलर कुत्रा घ्यावा का? घरात ४ वर्षांची मुलगी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई आहे

वडगावकर_टूबीएचके
नमस्कार मंडळी. वडगाव बुद्रुकला राहतो, तिसरा मजला. बायको, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ ची आणि आई, जिचं गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालंय. ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीत रॉटवायलरची पिल्लं झालीयेत, ३५ दिवसांची आहेत, तो म्हणतो या रविवारी उचल नाहीतर दुसरा घेऊन जाईल. मुलाने नावसुद्धा ठरवून टाकलंय. आई म्हणते घरात वाघ आणतोयस का. सोसायटीच्या ग्रुपवर सहज विषय काढला तर एका काकांनी लगेच टाकलं की या जातीवर सरकारची बंदी आहे. मला अनुभव म्हणाल तर लहानपणी वाड्यात एक गावठी होता तेवढाच. खरंच चावरे असतात का, पुण्याचं ऊन झेपतं का, खर्च किती? खरं काय ते सांगा.

शेरीचा_बाबा
आमची शेरी ६ वर्षांची, ४१ किलो, धायरीत फ्लॅटमध्येच राहते. पहिलं म्हणजे ३५ दिवसांचं पिल्लू उचलूच नका, कमीत कमी ८ आठवडे आई आणि भावंडांत राहू द्या, दात किती जोरात लावायचे हे ते तिथेच शिकतं, भावंड केकाटलं की सोडायचं. आणि जो माणूस ३५ व्या दिवशी द्यायला निघालाय त्याच्याबद्दल मला जरा शंकाच आहे. पिल्लाची आई बघायला मागा. ती जर अनोळखी माणूस बघून अंगावर येत असेल तर चहा घेऊन परत या.

स्वभाव विचाराल तर घरच्यांना प्रचंड चिकटून. बाथरूमला गेलं तरी दाराबाहेर बसणार. लाड करून घ्यायचे असले की येऊन सगळं वजन तुमच्या पायावर टाकते आणि घशातून घुर्रर्र असा आवाज काढते, पहिल्यांदा ऐकून सासूबाई सोफ्यावर चढल्या होत्या, पण ते मांजराच्या घुरघुरण्यासारखं सुखाचं असतं. खरं गुरगुरणं वेगळं, अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर एका जागी. आणि तसं गुरगुरली तर ओरडू नका, लांब व्हा, ती इशारा देतेय. इशाऱ्यालाच मार बसला तर पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतो.

आता तुमच्या घरातली खरी अडचण. जर्मनीत रॉटवाइल नावाचं गाव आहे, तिथले खाटीक गुरं हाकायला आणि गाड्या ओढायला ही कुत्री ठेवायचे, ते अजून अंगात आहे. खांद्याने ढकलतात. माझा पुतण्या ३ वर्षांचा असताना हॉलमध्ये पळत होता, शेरीने मागून एक ढुशी दिली, पोरगं टीपॉयच्या कडेवर गेलं, भुवईला २ टाके. चावणं वगैरे काही नाही, तिच्या हिशोबाने ती वासरू वळवत होती. आता हीच ढुशी तुमच्या आईंना स्वयंपाकघराच्या दारात बसली तर काय होईल ते बघा.

खर्च आमचा महिना ८-९ हजार, आजारपण वेगळं.

पेठेतला
एवढं ऐकून पण घेणार असाल तर धन्य आहे. ४ वर्षांचं पोर आणि म्हातारी आई असताना कशाला नसती हौस? लॅब घ्या नाहीतर मासे पाळा.

नियमवाले_काका
मी तो ग्रुपवाला काका नाही हे आधीच सांगतो. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवलं होतं, २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा म्हणून, त्यात रॉटवायलर होता. पण एप्रिल २०२४ मध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली हायकोर्टाने ते रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकताच काढलं होतं म्हणून. पुण्यात महापालिकेचं लायसन्स मात्र काढावंच लागतं, रेबीजच्या इंजेक्शनचं सर्टिफिकेट लागेल. सोसायटी ठराव करून कुत्रं पाळायला बंदी घालू शकत नाही. पण लिफ्टमध्ये लीश आखूड धरा, कारण तुमच्या निष्काळजीपणामुळे कोणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ तुमच्यावर लागतं, कुत्र्यावर नाही.

हडपसरकर
लिहू की नको करत होतो. आम्ही आमचा दिला.
घरून काम होतं तेव्हा आणला, सगळं मस्त चाललं होतं. मग दोघांचीही ऑफिसं सुरू झाली, सकाळी ८ ला बाहेर ते रात्री ८ ला घरी, आणि तो गॅलरीत. दीड वर्षाचा, ४८ किलोचा गडी, फिरवणं म्हणजे रात्री १५ मिनिटं. खालून जाणाऱ्या प्रत्येक डिलिव्हरीवाल्यावर भुंकून भुंकून आवाज बसायचा त्याचा. एक दिवस दार उघडं राहिलं आणि सिलेंडरवाल्याची पँट धरली. नशीब पँटच. आता मुळशीकडे ओळखीच्यांच्या शेतावर असतो, दिवसभर माणसांत, एकदम शांत झालाय म्हणतात. मी अजून भेटायला गेलो नाहीये. गॅलरीच्या काचेवर त्याच्या नाकाचे डाग होते, बायकोने बरेच दिवस पुसू दिले नाहीत.
तुमच्याकडे सकाळ-संध्याकाळ लीश कोण धरणार ते आधी ठरवा. ९ वर्षांचा मुलगा नाही धरू शकणार.

क्लिनिकवाली_ताई
मी डॉक्टर नाही, क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे, रोज बघते ते सांगते. या जातीच्या पिल्लांना पार्व्हो (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा विषाणू) फार वाईट धरतो, १६ आठवड्यांपर्यंतचे लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही. पण घरात कोंडूनही ठेवू नका, कडेवर घेऊन रिक्षा, गर्दी, नदीपात्रातल्या ढोल पथकाची प्रॅक्टिस लांबून ऐकवा, नाहीतर गणपतीत पलंगाखाली ५० किलो शिरायला बघतात.

हाडं मजबूत व्हावीत म्हणून लोक कॅल्शियमचं टॉनिक पाजतात, मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं चालू असेल तर वरचं कॅल्शियम उलट हाडं बिघडवतं. पिल्लू गुबगुबीत करू नका, खुब्याचा त्रास या जातीत असतोच. गुळगुळीत टाइल्सवर चटया टाका आणि तिसऱ्या मजल्याचे जिने उड्या मारत उतरू देऊ नका. आपला कांदा घातलेला रस्सा तर नाहीच.

ऊन: काळा रंग, जाड कोट, एप्रिल-मे मध्ये सकाळी ७ च्या आत फिरवून आणा. पावसाळ्यात गोचीड, कानाच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघायचं, खाणं सोडलं आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या तर रविवार असला तरी निघायचं. पोट ढोलासारखं फुगलंय, ओकतोय पण बाहेर काहीच येत नाही, असं झालं तर सकाळची वाट बघू नका, तासांचा खेळ असतो. आयुष्य साधारण ९-१० वर्षं. हाडांचा कॅन्सर या जातीत दिसतो, नसबंदी फार लवकर केली तर तो धोका वाढतो, म्हणून वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.

वडगावकर_टूबीएचके
सगळ्यांचे आभार. काल पिल्लाची आई बघायला जातो म्हणून फोन केला तर म्हणे ती दुसरीकडे असते. रविवार कॅन्सल. पोरगं रुसलंय, जेवलं नाही रात्री. लीशचं विचारलंत तर बायको म्हणाली संध्याकाळची मी धरेन पण सकाळी साडेपाचला तू उठून दाखव महिनाभर, कुत्रं नसताना. आजचा दुसरा दिवस, ४ किलोमीटर चाललो. हडपसरकर, एकदा जाऊन या हो मुळशीला.

शेरीचा_बाबा
महिना पूर्ण झाला की सगळे घरी या चहाला, आईंना पण आणा. शेरी त्यांच्या पायाशी बसेल, मी पट्टा धरून असेन. फक्त चांगली साडी नेसू नका म्हणावं, लाळ गळते.