एडाफोसॉरसचं डोकं चुकलंय का?

रंगपेटी: भाचीच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी एडाफोसॉरस काढतेय, फार पूर्वी नामशेष झालेला प्राणी. पाठीवर शीड, मोठा जबडा, लांब सुळे, पायाखाली हिरवंगार गवत. भाची विचारते, "मावशी, हा पाला खायचा ना? मग सुळे कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. शुक्रवारी द्यायचंय, कुणी तपासून सांगाल का?

दगडवेडा: भाचीचं बरोबर आहे. सुळे डायमेट्रोडॉनचे, तो याच्यासारखाच दिसणारा दुसरा जुना प्राणी, पण मांसाहारी. शीड दोघांनाही, म्हणून घोळ होतो. 1907 मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात सांगाडा उभा केला, तेव्हा तिथेही याच्या शिडाला डायमेट्रोडॉनचं डोकं लागलं होतं!

डोकं अंगाच्या मानाने अगदी लहान करा. कडेचे दात खुंटीसारखे. खरी करामत तोंडाच्या आत आहे: टाळूवर आणि खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला बारीक दातांनी गच्च भरलेल्या पट्ट्या, पाला चेचायला. कोप या अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञाने 1882 मध्ये टेक्सासच्या जीवाश्माला नाव दिलं त्याचा अर्थ साधारण 'फरसबंदीचा सरडा', तो या पट्ट्यांमुळेच. पोट पिंपासारखं हवं. पाला आंबवून पचवायचा तर आत जागा लागते.

आणि शिडाच्या काट्यांवर दोन्ही बाजूंना आडवे खुंट काढाच. डायमेट्रोडॉनला ते नसतात. कोपला ते बघून गलबताची डोलकाठी आणि तिच्यावरचे परबाण (शीड बांधायचे आडवे दांडे) आठवले होते.

गवत मात्र पुसा. सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी ना गवत होतं, ना फुलं. नेचे काढा.

रंगपेटी: बरं झालं विचारलं. खाली 'डायनासोर' लिहू ना?

घाटमाथा: नका लिहू, ताई. डायनासोर यायला अजून चारेक कोटी वर्षं होती. हा आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या, घराण्यातला. डोळ्यामागे कवटीला दोन्ही बाजूंना एकेकच भोक, ती या घराण्याची खूण. भाचीला कानशिलावर बोट ठेवून शेंगदाणे चावायला सांगा. बोटाखाली जो स्नायू हलतो, त्याची जागा म्हणजे तेच जुनं भोक, आपल्यात पार बदललेलं. आपला थेट पूर्वज नव्हे हं, चुलत शाखा. डायमेट्रोडॉन त्याहून थोडा जवळचा.

पाय घोरपडीसारखे, कोपरं बाहेर काढलेली.

रंगपेटी: शेंगदाणे खाऊन झाले, आता ती घरात प्रत्येकाचं कानशील चाचपतेय. सुळे खोडून खोडून कागद विरलाय, नवा घेते. डोकं आधी काढते, लहान.