शब्दचर्चा: ‘हॉल ऑफ फेम’ला आपण काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्द हवाय, आणि तोही रविवारच्या आत.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मराठवाड्यातल्या नामवंतांच्या तसबिरी लावायचं ठरलंय. संत, हैदराबाद मुक्तिसंग्रामातली माणसं, लेखक, खेळाडू, सगळे. कल्पना एका निवृत्त मास्तरांची, पैसे गावातून पुण्याला गेलेल्या पोरांचे. पोरांनी पाठवलेल्या कागदावर ‘मराठवाडा हॉल ऑफ फेम’ असं होतं. अध्यक्ष म्हणाले, मराठीत करा. झालं, फ्लेक्सवाला मुक्तिसंग्राम दिनाच्या, १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला ‘किर्ती दालन’ असा फ्लेक्स घेऊन हजर. पहिला ‘कि’ ऱ्हस्व. झेंडा वर जाईपर्यंत मास्तर कसेबसे गप्प राहिले.

माझा कल ‘कीर्ती’कडं आहे, दालनाबद्दल खात्री नाही. ‘फेम’ला आपल्याकडं शब्दांचा तोटा नाही, पण बाकीचे सगळे वापरून झिजलेत. यश म्हणजे आता बारावीचा निकाल. प्रसिद्धी म्हणजे प्रसिद्धिपत्रक. गौरव म्हणजे शाल-श्रीफळ. मूळ ‘गुरु’ म्हणजे जड, त्यावरून गौरव, पण आता वजन उरलंय ते नारळाचंच. कीर्ती मात्र ‘सांगणे’ या अर्थाच्या धातूवरून आलीय, कीर्तनही तिथलंच. कीर्तीला सांगणारा लागतो. २०१९ साली सचिनचं नाव आयसीसीच्या यादीत गेलं तेव्हाही आपण ‘हॉल ऑफ फेम’च म्हणालो, कारण तयार शब्द तोंडात नव्हता. आता निदान आमच्या भिंतीपुरता तरी हवा.

जालन्याहून:
मास्तर चिडले ते बरोबरच. सुटा शब्द ‘कीर्ती’, दोन्ही वेलांट्या दीर्घ. समास झाला की दुसरी ऱ्हस्व: कीर्तिस्तंभ, कीर्तिमंदिर. बुद्धी पण बुद्धिबळ, कवी पण कविसंमेलन, तसंच. पहिली ‘की’ काही केल्या ऱ्हस्व होत नाही. आणि जोडून लिहा हो. मधे जागा सोडली की कीर्ती नावाच्या कुणा बाईचं दालन वाटतं.

लातूरहून:
स्पेलिंगचं राहू द्या, मला ‘दालन’च खटकतं. आमच्याकडं दालन दोनच प्रकारचं. एक साड्यांचं भव्य दालन, दुसरं जिल्हाधिकाऱ्यांचं. पहिल्यात पिशवी घेऊन जायचं, दुसऱ्यात अर्ज घेऊन. ‘कीर्तिदालन’ अशी पाटी बघितली तर माझी सासू आत शिरून पैठणी दाखवा म्हणेल.

मी:
ताई, हसून पुरेवाट. मग मंदिर? बडोद्याला कीर्तिमंदिर आहे, पोरबंदरला आहे.

लातूरहून:
मंदिर म्हटलं की चपला काढा, घंटा बांधा, आणि वर्षभरात कुणीतरी अगरबत्ती लावतंच. तुमच्या यादीत विचारवंत नरहर कुरुंदकर असतीलच ना? स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्या माणसाला मंदिरात बसवायलात होय?

अंबाजोगाईहून:
मंदिराचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. तुम्ही कीर्ती आणि कीर्तन एका धातूचे म्हणालात. जुन्या कोरीव लेखांमध्ये ‘कीर्तन’ हा शब्द चक्क इमारतीसाठी, देवळासाठी यायचा. बडोद्याला राष्ट्रकूटांचा एक ताम्रपट सापडलाय, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात एलापूरच्या, म्हणजे आपल्या वेरूळच्या, शिवमंदिराचं वर्णन आहे. कृष्णराजानं ते करवलं, आणि काम झाल्यावर ते घडवणारा शिल्पीच थक्क झाला, हे आपण केलं तरी कसं, असं त्यात म्हटलंय. त्या मंदिराला तिथं शब्द आहे ‘कीर्तन’. कारण उघड आहे, ज्यामुळं करणाऱ्याचं नाव सांगितलं जाईल ती वास्तू म्हणजे कीर्तन. म्हणजे ‘हॉल’ वेगळा शोधायची गरजच नाही, ‘कीर्ती’च्या पोटात आधीच इमारत आहे. आता वाचनालयावर ‘कीर्तन’ अशी पाटी लावली तर लोक टाळ घेऊन येतील, ते सोडा.

(एक शंका मनात येऊन गेली: शिल्पी थक्क झाला, पण त्याचं नाव ताम्रपटात नाही. नाव राहिलं राजाचं. तुमच्या भिंतीवर निदान असं होऊ देऊ नका.)

बीडहून:
दादा, एवढं लांब कशाला जायलात? आपल्या वाड्यात काय असायचं? ढेळज. दिंडी दरवाजातून आत आलं की दोन्ही बाजूंना ओटे, तिथं गावातली म्हातारी मंडळी बसायची. कुणाच्या पोरानं काय केलं, कोण कुठं पोचला, कुस्ती कुणी मारली, सगळं तिथंच. शब्द मूळ फारशी, ‘देहलीज’. आपल्या तोंडात ढेळज झाला, काही गावांत ढाळज म्हणतात. ‘कीर्तीची ढेळज’. हाय का नाही आपल्या मातीतलं?

परभणीहून:
काका, तुम्ही ओट्यावर बसायचात म्हणून तुम्हाला गोड वाटतं. माझी आजी चाळीस वर्षं त्याच ढेळजेतून डोक्यावरचा पदर सारखा करत, नजर खाली ठेवून झपाझप जायची. एकदाही बसली नाही. बसताच येत नव्हतं. गंगाखेडच्या जनाबाईची तसबीर तुम्ही ढेळजेत लावणार? धाराशिवच्या सारिका काळेची, जिला खो-खोसाठी २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला? त्यांना तरी आता ओट्यावर बसू द्या, नाहीतर शब्द बदला.

बीडहून:
माघार. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

नांदेडहून:
‘हॉल’चा घोळ चालू द्या, मला ‘कुणाचा’ हा प्रश्न जास्त मोठा वाटतो. पाटीखाली ‘मराठवाड्याचे भूमिपुत्र’ असं लिहिणार असाल तर आधीच सांगतो, लिहू नका. एक तर त्या शब्दाला बाई नाही. ‘भूमिकन्या’ म्हटलं की पाठ्यपुस्तकातली सीता आठवते. दुसरं म्हणजे निम्मे थोर बाहेर राहतील. स्वामी रामानंद तीर्थांचा जन्म सिंदगीचा, ते गाव विजापूर जिल्ह्यात, आज कर्नाटकात. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, मग अंबाजोगाईला, आणि पुढं सगळा हैदराबाद संस्थानाचा लढा त्यांच्या नावावर. त्याच लढ्यातल्या गोविंदभाई श्रॉफांचाही जन्म विजापूरचाच, घर गुजराती. त्यांच्याशिवाय मराठवाड्याची भिंत उभी राहील का? उलट बाजूनं कुरुंदकर घ्या. १९३२ साली नांदापूरला जन्मले तेव्हा ते गाव परभणी जिल्ह्यात. १९९९ साली हिंगोली वेगळा झाला, म्हणून आता ते हिंगोलीचे. आयुष्य गेलं आमच्या नांदेडला, पीपल्स कॉलेजात. तीन जिल्हे त्यांच्यावर हक्क सांगतात आणि तिघंही बरोबर आहेत.

आपल्याकडं यासाठी एक सरकारी शब्द होता, ज्यांच्या घरात जुने कागद आहेत त्यांना आठवेल: मुल्की. निजामाच्या राज्यात नोकरी हवी तर तुम्ही मुल्की असायला लागायचं. जन्मानं नसाल तर १५ वर्षांचा रहिवास दाखवून मुल्की होता यायचं. बाकीचे गैरमुल्की. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत तसला एक दाखला होता, उर्दूत, कोपऱ्यावर शिक्का, घडीवर फाटलेला. घरात कुणाला वाचता यायचा नाही, पण फेकायची कुणाची छाती नव्हती. शब्द निजामाचा म्हणून पाटीवर नको, पण कसोटी मात्र भूमिपुत्रापेक्षा शहाणी होती. माणूस इथं राहिला का, एवढंच विचारायची.

मी:
काका, हे मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘मानकरी’ लिहा. मला पटलं नाही. जत्रेत पालखीचा मान ज्या घराकडं असतो त्याच घराकडं राहतो, कर्तृत्व असो नसो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये धावून राष्ट्रकुलचं रौप्य आणि एशियाडचं सुवर्ण घेऊन आला, ते काही वाडवडलांच्या मानावर नाही.

संभाजीनगरहून:
एक साधा प्रश्न विचारू? एवढी चर्चा झाली, पण तसबिरी लावायच्या कुठं आहेत? खोली आहे का खरंच?

मी:
नाही. खोली कुठली आलीय. वाचनालयाच्या मागच्या बाजूला लांब व्हरांडा आहे, एका अंगानं भिंत, दुसऱ्या अंगानं दगडी खांब, पुढं आवार आणि लिंबाचं झाड. पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला तिथंच बसतात. तसबिरी भिंतीवर, पोरांच्या डोक्यावर.

संभाजीनगरहून:
मग मजाच झाली. अमेरिकेत न्यूयॉर्कला १९०१ साली त्यांच्या थोरांसाठी ‘हॉल ऑफ फेम’ उघडला, तोसुद्धा नावालाच हॉल. खरं तर खांबांची उघडी रांग आहे, खांबांच्या मधेमधे अर्धपुतळे, वारा आरपार. आपल्याकडं देवळात असल्या जागेला काय म्हणतात?

अंबाजोगाईहून:
ओवरी! योगेश्वरीला, औंढ्याला, तुळजापूरला, कुठंही जा. आणि परभणीच्या ताई, ओवरीत कुणीही टेकतं. वारकरी, लेकुरवाळी, भिकारी, पोथी वाचणारा. कुणी उठवत नाही.

परभणीहून:
ओवरी मला चालेल. माझी आजी ओवरीत बसलेली मी पाहिलीय, पाय पसरून.

संभाजीनगरहून:
थांबा, माझं अर्धंच सांगून झालंय. ओवरी छान आहे, पण आमच्या सिराज औरंगाबादीला तिथं बसवताना जरा अवघडल्यासारखं होईल. अठराव्या शतकातला इथला शायर, त्याला यादीतून वगळणार नाही ना? मी वाढलो ते घर जुन्या शहरात, शेजार सगळा दख्खनी बोलणारा. त्यांच्याकडं ‘दालान’ म्हणजे बंद खोली कधीच नव्हे. अंगणाकडं उघडा, कमानींचा लांब सोपा म्हणजे दालान. उन्हाळ्यात तिथं बाजा टाकायच्या. शेजारची खाला म्हणायची, “बच्चे दालान में सोते.” दर्ग्यातही दालान असतो, कुणीही येऊन टेकतं. म्हणजे तुमच्या ओवरीचाच मावसभाऊ. मराठीत येता येता एक काना गळाला, मग चारी बाजूंनी भिंती आल्या, मग दाराशी शिपाई बसला, आणि सगळ्यात शेवटी साड्या आल्या. तुमचा फ्लेक्सवाला नकळत बरोबर बोलून गेला. व्हरांड्याला दालनच म्हणायचं!

लातूरहून:
हे मात्र मानलं. सासूला मी समजावते.

बीडहून:
ते ठीक, पण गावातला माणूस ‘कीर्ती’ म्हणतो का? सांगा बरं. पोरगं पोलीस भरतीत लागलं तरी आपण म्हणतो, नाव काढलं पोरानं. रामलिंग मुदगडचे पैलवान हरिश्चंद्र बिराजदार रुस्तुम-ए-हिंद झाले तर लोक काय म्हणले असतील, “कीर्ती मिळवली”? गावाचं नाव काढलं, असंच म्हणले असतील. ‘नाव काढलेली माणसं’ असं लिहा. बाई, बाप्या, इथं जन्मलेला, बाहेरून आलेला, हयात, गेलेला, सगळे बसतात.

जालन्याहून:
वाक्प्रचार फक्कड, पण धोका आहे. ‘यादीतून नाव काढलं’ म्हणजे काय? आणि ‘त्याचं नाव काढू नका’ म्हणजे? अध्यक्षांच्या विरोधी पार्टीतलं कुणी तरी विचारणारच, कुणाकुणाची नावं काढली म्हणून.

बीडहून:
विचारू द्या. नाव ठेवणारे असतातच.

मी:
रविवारची बैठक झाली. सगळं वाचून दाखवलं. ताम्रपटाला मास्तरांनी मान डोलावली, ढेळजेवर कुणी काही बोललं नाही, साड्यांवर अध्यक्ष हसले. ठरलं असं: मोठ्या अक्षरांत ‘कीर्तिदालन’, जोडून. खाली बारीक अक्षरांत ‘मराठवाड्याचं नाव काढलेली माणसं’. भूमिपुत्र गेले, मानकरी गेले. मला विचाराल तर मी खालची ओळ वर घेतली असती, पण वाचनालयाची पाटी आहे, जरा भारदस्त हवी, असं बहुमत पडलं. पोरं अजून ‘फोटोखाली बसलोय’ असंच सांगतात.

फ्लेक्स नको, भिंतीवर रंगानंच लिहू म्हटलं. पेंटर अक्षरांवर पैसे घेतो, म्हणून खालच्या ओळीवर जरा घासाघीस झाली. आज सकाळी त्यानं खडूनं आखून घेतलं, ‘की’ भरला आणि ब्रश धरून खाली उतरला. म्हणाला, “सर, पुढची वेलांटी पहिली का दुसरी, आत्ताच सांगा. पहिली असली तर अक्षराच्या अलीकडं जागा सोडावी लागते.”

पहिली, म्हणालो. त्यानं ओल्या फडक्यानं खडू पुसला आणि बोटभर जागा सोडून पुन्हा आखला.