जामिनावर सुटणाऱ्या बेघर माणसासाठी आधी काय तयारी करावी?

गोदाकाठ
मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या एका कच्च्या कैद्याला (खटल्याचा निकाल लागायचाय अशाला) या महिन्यात जामीन होईल असं दिसतंय. गावाशी संबंध तुटलेला, भाडं थकून खोलीही गेलेली. तो फुटपाथवर जाऊ नये म्हणून काय करावं? बेघरांच्या निवाऱ्यात जागा मिळवून दिली की पुरे का?

वकीलबाई
जागा मिळते, पण माणूस टिकत नाही, आणि बहुतेकदा ते कागदांपायी. आधी अटकेच्या वेळच्या अंगझडतीचा पंचनामा मिळवा. मोबाइल, पाकीट, आधार कार्ड, काय काय निघालं ते त्यात लिहिलेलं असतं. तुरुंगात फक्त आत जाताना जमा केलेल्या वस्तू असतात. पोलिसांनी घेतलेलं सगळं मुद्देमालात, म्हणजे खटल्यातल्या जप्त वस्तूंत जातं. ते परत मिळवायला न्यायालयात अर्ज लागतो (फौजदारी प्रक्रियेचा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४९७ किंवा ५०३). अर्जात प्रत्येक वस्तू वेगळी मागा. फोन पुरावा म्हणून धरला असेल तर तो लवकर सुटत नाही, आणि सगळं एकत्र मागितलं की त्याच्यापायी कार्डही अडकतं.

आधार मुळातच नसेल तर आत असतानाच काढून घ्या. अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचा कैदी-प्रवेशाचा दाखला त्यासाठी चालतो. ९० दिवस न वापरलेलं सिम बंद पडू शकतं, मग बँकेचा ओटीपी येणार कुठे? आधारला नवा नंबर जोडायला कागद लागत नाही, केंद्रावर बोटांचे ठसे पुरतात.

जामिनाची रक्कम भरता येत नसेल तर गरीब कैद्यांसाठीची केंद्राची २०२३ ची योजना आहे; सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्यासाठी मर्यादा ४०,००० रुपये होती. आता किती मिळतं ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) विचारा.

पायवाट
सुटका कधी होते तेही बघा. हुकूम दुपारी निघाला तर माणूस दिवेलागणीला बाहेर पडतो. खिशात फोन नाही, तुरुंगाजवळच्या सात रस्ता चौकात उभा, कुठे जायचं ठाऊक नाही. दाराशी कुणीतरी हवंच. निवाऱ्याचा पत्ता आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहून आधीच्या भेटीतच त्याच्या हाती द्या.

निवाऱ्याच्या व्यवस्थापकापासून खटला लपवू नका. जामिनात पोलिस ठाण्यातली हजेरी असेल तर तो दिवस त्यालाही माहीत हवा. न्यायालयाला निवाऱ्याचा पत्ता लेखी कळवा आणि पत्ता बदलला की पुन्हा कळवा. समन्स जुन्या खोलीवर गेलं, तारीख चुकली, की अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

कामाच्या बाबतीत, चारित्र्य पडताळणी मागणाऱ्या सिक्युरिटीच्या नोकऱ्यांमागे सुरुवातीला लागू नका. हॉटेलचं किचन, लॉन्ड्री, गाळ्यातलं पॅकिंग बघा, आणि पगार आठवड्याला मिळेल असं ठरवा. महिन्याच्या पगारावर पहिले तीस दिवस खायचं काय? टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत हेच काम करतो. त्यांच्या कार्यकर्त्यांना सुटकेआधीच भेटा.

गोदाकाठ
आणि शिक्षा झालेला कैदी असेल तर?

वकीलबाई
त्याची सुटकेची तारीख आधी कळते, म्हणून घर वाचवायचं ते शिक्षा चालू असतानाच. पुण्याच्या येरवडा तुरुंगात २०२२ मध्ये राज्य सहकारी बँकेनं कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ कर्ज सुरू केलं, ५०,००० रुपयांपर्यंत, ७ टक्के व्याजानं. हप्ता तुरुंगातल्या मजुरीतून जातो. त्या पैशातून बायकोनं खोलीचं थकलेलं भाडं भरलं तर सुटल्यावर परतायला दार उरतं.