खिशातला फोल्डिंग चाकू, बेताच्या बजेटमध्ये कुठला घ्यावा?

पायवाट:
नमस्कार मंडळी, एक चांगला फोल्डिंग चाकू घ्यायचाय, रोज खिशात नाहीतर बॅगेत राहील असा. काम म्हणाल तर खोकी उघडणं, दोरी कापणं, ट्रेकला फळं चिरणं, एवढंच. बजेट बेताचं आहे त्यामुळे एकदाच घेणार आणि तो बरीच वर्षं टिकला पाहिजे. ऑनलाइन बघायला बसलं की डोकं चक्रावतं, डी२ काय, ८सीआर१३एमओव्ही काय, काळं कोटिंग काय, जो तो आपलंच स्टील भारी म्हणतो. स्टील बघून घ्यायचा की आणखी काही बघायचं असतं? लॉकवाला बरा की बिनलॉकचा? आणि मी डावखुरा आहे, त्याने काही फरक पडतो का?

सुतारपक्षी:
स्टीलचं नाव सगळ्यात शेवटी बघा. एकाच नावाचं पोलाद दोन कारखान्यांत वेगळं वागतं, कारण खरा खेळ त्याला पाणी कसं दिलंय (तापवून थंड करून कडक कसं केलंय) यात असतो आणि ते काही पात्यावर छापलेलं नसतं, म्हणून कमी बजेटमध्ये नाव असलेल्या मेकरचा साधा चाकू घ्यायचा. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर साधारण ५६ भरतं, आजच्या हिशोबाने मऊच, तरी जगभर लोक वर्षानुवर्षं वापरतात कारण गंजत नाही आणि बोथट झालं तर साध्या दगडावर पटकन धार येते. याउलट ज्यावर मेकरचा पत्ता नाही आणि नुसतं 'सर्जिकल स्टील' नाहीतर '४४०' लिहिलंय ते सरळ सोडून द्या. ४४० या पोलादात ए, बी आणि सी असे प्रकार असतात, कार्बन प्रत्येकात वेगळा, सी मध्ये सगळ्यात जास्त. ज्याच्याकडे सी असतं तो ते अक्षर लिहितोच.

दुसरं म्हणजे पात्याची जाडी, हे कुणी विचारतच नाही. साडेतीन-चार मिलिमीटर जाड पात्याने सफरचंद कापून बघा, धार कितीही असू दे, ते अर्ध्यात अडकतं आणि मग फळ कापलं न जाता कट्‌कन फुटतं. दोन-अडीच मिलिमीटरचं पातळ पातं तेच फळ अलगद उतरवतं. तुमच्या कामाला पातळच पाहिजे.

रानभूल:
सुतारपक्षींना अनुमोदन, आणि पातळ पातं म्हणत असाल तर ओपिनेल नंबर ८ बघाच. फ्रान्समधल्या साव्हॉयची १८९० पासूनची कंपनी, पातं साडेआठ सेंटिमीटर, लाकडी मूठ, वजन जाणवतही नाही. पात्याच्या बुडाशी फिरणारी कडी असते, ती फिरवली की पातं लॉक, ही कडी १९५५ पासून आहे आणि इतकी साधी आहे की बिघडायला त्यात काही नाहीच. कार्बनवालं पातं धार छान घेतं पण लिंबू कापून तसंच ठेवलं तर काळं पडतं, पुढे गंजतं. ट्रेकला फळं चिरायची असतील तर इनॉक्स, म्हणजे स्टेनलेसवालं, घ्या. एकच गोष्ट, लाकूड ओलाव्याने फुगतं आणि पातं घट्ट बसतं, नखाने ओढून निघत नाही. तेव्हा मुठीचं मागचं टोक कडक जागी हलकेच ठोकायचं, पातं थोडं वर येतं. लाकूड वाळलं की पुन्हा मोकळं होतं.

कातरवेळ:
लॉकबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तुमच्या कामांना बिनलॉकचा, नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर पातं उघडं धरणाराही भरपूर झाला, कारण खोकं आणि फळ कापताना जोर धारेच्या बाजूने पडतो, त्याने पातं उघडंच राहतं. टोचायचं किंवा पीळ द्यायचं काम असेल तर लॉक हवंच, नाहीतर पातं बोटांवर मिटतं. काही देशांत लॉकवाला चाकू बाळगण्यावर बंधनं आहेत, तेही बघून घ्या, आणि विमानाने जाताना केबिन बॅगेत ठेवू नका, चेक-इनमध्येच टाका.

लॉकवाला घेतलाच तर हातात आल्यावर बघायचं. पातं उघडून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवा, वर-खाली हललं तर परत करा, डावी-उजवीकडे किंचित हलत असेल तर बहुतेक वेळा पिव्हटचा (पातं ज्यावर फिरतं त्या खिळीचा) स्क्रू आवळून भागतं. लायनर लॉक असेल, म्हणजे मुठीतली पट्टी सरकून पात्याला अडवत असेल, तर ती पट्टी पात्याच्या बुडाला कुठे टेकते ते बघा, जेमतेम कडेला टेकत असेल तर घसरू शकते, पार पलीकडे पोचली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याच्या पाठीवर अंगठ्याने हळूहळू दाब द्या. जरा जरी सरकलं तरी तो चाकू नको, कितीही स्वस्त मिळत असला तरी नको, कळकळीने सांगतोय.

पायवाट:
खूप उपयोगी, मनापासून आभार सगळ्यांचे. डावखुऱ्याचं कुणी सांगेल का? आणि डी२ घेऊ नको असंच ना?

धारदार:
डावखुऱ्याला फरक पडतो. लायनर लॉक उजव्या अंगठ्याने ढकलायचा म्हणून बनवलेला असतो, डाव्या हाताने जमतं पण अवघडल्यासारखं होतं. मुठीच्या पाठीवर दाबायचा बॅक लॉक किंवा दोन्हीकडून मागे ओढायचा आडव्या दांड्याचा लॉक घ्या, दोन्ही हातांना सारखेच. नखाची खाच बहुधा पात्याच्या डाव्या बाजूला असते, तेही बघा, आणि खिशाला अडकवायची क्लिप दुसऱ्या बाजूला लावता येते का ते.

डी२ वाईट नाही हो, धार बराच काळ धरतं, पण पूर्ण स्टेनलेस नाही, पुसून ठेवावं लागतं आणि साध्या दगडावर हात दुखून येतात, डायमंड प्लेट (हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी) लागते. १४सी२८एन नावाचं स्टेनलेस स्टील बजेटमध्ये मिळालं तर डोळे झाकून घ्या, गंजत नाही आणि धार लावायलाही सोपं. पैसे उरवून हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) एक दगड मात्र नक्की घ्या. दर बाजूला १५ ते २० अंशाचा कोन ठेवून एका बाजूने घासत राहायचं, पलीकडच्या बाजूला बोट पाठीकडून धारेबाहेर ओढलं की बारीक खरखर लागते, ती टोकापासून बुडापर्यंत सगळीकडे लागली की मगच बाजू बदलायची. बहुतेक लोक इथेच घाई करतात, खरखर यायच्या आधीच बाजू बदलतात आणि मग दगडाला नावं ठेवतात. दातेरी पातं घेऊ नका, दोरीला छान पण या दगडावर त्याला धार लागत नाही.

पायवाट:
मग बॅक लॉक, साधी धार, पातळ पातं, असाच शोधतो. पिव्हटला स्वयंपाकाचं तेल चालेल का?

धारदार:
नको, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि पातं जड उघडायला लागतं. फूड ग्रेड मिनरल ऑइलचा एक थेंब पुरे, चार-पाच वेळा उघडझाप करा आणि जादा पुसून टाका.