दापोलीचं नाव का नाही?
प्रतिष्ठित शिक्षणसंस्था कोणत्या असं विचारलं की लोक आयआयटी, मुंबईचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी ही इंजिनिअरिंगचीच नावं घेतात आणि म्हणतात, कोकणात त्या तोडीचं काही नाही. इंजिनिअरिंगपुरतं ठीक, पण दापोलीचं कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) कुठे गेलं? आमच्याकडे काजू लावायचा तर माणूस वेंगुर्ला-४ नाहीतर वेंगुर्ला-७ या जातींचीच कलमं मागतो. ती याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातली. नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेला रत्ना आंबाही तिथलाच. ज्यांच्या शब्दावर बागायतदार पुढच्या पिढीसाठी झाडं लावतो, ते प्रतिष्ठित नाहीत? रत्नागिरीजवळचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालयही याच विद्यापीठाचं. बारावीच्या मुलांना ही नावं कुणी सांगतच नाही, याचं फार वाईट वाटतं. कटऑफच्या याद्या चाळण्याआधी मुलांना एकदा दापोलीला घेऊन जा.