इंग्रजीशिवायही जमतं: एम. सी. सोलार

काही जण म्हणतात की आफ्रिकेतून बाहेर गेलेल्या रॅपरला इंग्रजीत गायल्याशिवाय गत्यंतर नाही. मला हे पटत नाही, आणि त्याला कारण एम. सी. सोलार हा फ्रान्समधला रॅपर. जन्म १९६९, सेनेगलमधल्या डाकारचा. आईवडील चाडचे. तान्हा असतानाच घरचे फ्रान्सला आले आणि तो पॅरिसच्या उपनगरांत वाढला.

हा माणूस पहिल्यापासून फ्रेंचमध्येच रॅप करतो. १९९१ च्या पहिल्याच अल्बमचं नाव बघा. ‘वारा पेराल तर वादळ कापाल’ अशी फ्रेंचमध्ये म्हण आहे. वादळाला तिकडे ‘तांपेत’ म्हणतात. यानं त्या शब्दाचा शेवट फिरवून ‘तेंपो’, म्हणजे गाण्याचा ठेका, केलं: वारा पेराल तर ठेका कापाल! परक्या देशातून आलेल्या पोरानं तिथल्याच म्हणीला असा हात घालावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याचं गाजलेलं पहिलं गाणंही तसंच, जाईल तिथे ‘चल, हट इथून’ ऐकणाऱ्या माणसाचं.

१९९३ मध्ये अमेरिकन रॅपर गुरूनं त्याला आपल्या जॅझ-रॅप अल्बमवर घेतलं, तिथेही तो फ्रेंचमध्येच गायला. पुढे १९९६ पासून फ्रान्समध्ये रेडिओवर ४० टक्के गाणी फ्रेंच असण्याची सक्ती आली, त्याचा फायदा फ्रेंच रॅपला भरपूर झाला. पण सोलारचं नाव त्याआधीच झालेलं होतं, हे विसरू नका.

वाईट एवढंच वाटतं, की रेकॉर्ड कंपनीशी झालेल्या वादामुळे त्याचे सुरुवातीचे अल्बम कित्येक वर्षं बाजारात नव्हते. २०२१ मध्ये ते पुन्हा निघाले. भाषा येत नसली तरी ऐकाच.